पट्ट्यावरची तारीख नेमकी कोणासाठी?

हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना येणारे "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" निम्मे गाळलेत, बाकी जवळपास जसं बोललो तसंच ठेवलंय. ऐकायला वेळ नसेल त्यांनी वाचा.

आजचा प्रश्न सोपा वाटतो. तुमच्या कारमधला सीटबेल्ट गाडी भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. बाबांच्या पंधरा वर्षं जुन्या गाडीतला बेल्ट कोणी बदललाय का? नाही. मग रेसिंगच्या गाडीतल्या बेल्टला एक्स्पायरी डेट का असते? दुधाच्या पिशवीला असते तशी? दोन्ही पट्टे दिसायला सारखेच, दोन्ही बहुतेक पॉलिएस्टरचेच. मग एकाला तारीख आणि एकाला नाही, हा काय प्रकार? कंपन्यांचा धंदा, की काही खरं कारण?

आता मी मालवणचा. आमच्याकडे रेसिंग ट्रॅक नाही. आमच्याकडे रेस म्हणजे मालवणहून निघून कुडाळला कोकणकन्या गाठायची. तरीही हा प्रश्न आमच्या किनाऱ्याचा आहे. कसा, ते शेवटाकडे येईलच.

आधी ही तारीख काय असते ते बघू. रेसिंगच्या पट्ट्याला हार्नेस म्हणतात. खांद्यावरून दोन पट्टे, कमरेला दोन, मांड्यांच्या मधून दोन, आणि सगळे पोटावर एका गोल बकलमध्ये येऊन अडकतात. हा झाला सहा पॉइंटचा हार्नेस. मोटरस्पोर्टची जागतिक संस्था म्हणजे एफआयए. तिचं सध्याचं मानक ८८५३-२०१६. त्यानुसार बनवलेल्या हार्नेसच्या पट्ट्यावर लेबल असतं आणि त्यावर, अमुक वर्षानंतर हा चालणार नाही, असं वर्ष छापलेलं असतं. तयार झालेल्या वर्षानंतर पाच वर्षं. २०२४ मध्ये बनलेला हार्नेस २०२९ च्या ३१ डिसेंबरपर्यंत. अमेरिकेत एसएफआय नावाची दुसरी संस्था आहे. तिच्या १६.१ या मानकाचा हार्नेस बनवल्या तारखेपासून फक्त दोन वर्षं चालतो. त्यानंतर तो मूळ कंपनीकडे परत पाठवता येतो. कंपनी लोखंडी भाग, बकल वगैरे तपासून परत वापरू शकते, पण पट्ट्या नव्या घालते आणि नवं लेबल लावते.

इथे थांबून एक गोष्ट लक्षात ठेवा. धातू परत वापरतात, पट्टी बदलतात. याचं कारण पुढे येणार आहे.

पट्टीला नेमकं काय होतं? यासाठी प्रयोगशाळेत जायची गरज नाही, अंगणात जा. कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी आणली, त्यातली अर्धी अंगणात बांधली आणि अर्धी पडवीत आतल्या बाजूला. दोन उन्हाळे जाऊ द्या. अंगणातल्या दोरीवरून हात फिरवला की हाताला पांढरी पावडर लागते, बारीक तुसं टोचतात, आणि एक दिवस ओली चादर टाकली की दोरी तुटते. पडवीतली दोरी? तशीच्या तशी. एकाच बंडलातली, एकाच दिवशी बांधलेली. फरक फक्त उन्हाचा.

ऊन हे काम कसं करतं तेही बघू. नायलॉन असो वा पॉलिएस्टर, तो रेणूंच्या लांबच लांब साखळ्यांचा बनलेला असतो. धाग्याची ताकद या साखळ्यांच्या लांबीत असते. उन्हात अतिनील किरण असतात. ३०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या किरणांत प्रति मोल सुमारे ४०० किलोज्यूल ऊर्जा असते. कार्बन-कार्बन बंध तोडायला साधारण ३५० पुरते. म्हणजे ऊन अक्षरशः कात्रीसारखं एकेक साखळी कापत बसतं. बाहेरून रंग थोडा विटतो, एवढंच दिसतं. पट्टी तेवढीच रुंद, तेवढीच जाड, तेवढीच मऊ. ताकद मात्र गेलेली.

उन्हाशिवाय घामही आहे, पेट्रोल-ऑइलचे शिंतोडे आहेत, धूळ आहे. बारीक वाळू विणीत शिरते आणि पट्टी वाकली की आतून धागे घासते. अॅडजस्टर, म्हणजे पट्टा कमी-जास्त करायची लोखंडी पकड, रोज जवळपास त्याच जागी चावते. आणि रेसिंगचा पट्टा आपल्यासारखा सैलसर लावत नाहीत. मेकॅनिक वाकून, जोर लावून ओढतो, श्वास घ्यायला जेमतेम जागा राहील इतका.

आता साध्या सीटबेल्टकडे या. तो पडवीतली दोरी आहे. वापर नसताना बहुतेक पट्टी दरवाज्याच्या खांबात, रिट्रॅक्टरच्या रिळावर, अंधारात गुंडाळलेली असते. बाहेर राहते तेवढी काचेच्या आड, आणि पुढची काच तर दोन थरांची असते, तिच्यात अतिनील किरण जवळपास सगळे अडतात. रोजचा ताण म्हणजे किती? रिळाच्या स्प्रिंगचा हलका ओढा.

शिवाय तो बनवतानाच म्हातारपणाचा विचार केलेला असतो. सीटबेल्टचं युरोपीय मानक आर-१६ आहे, आपल्याकडे त्याच धर्तीचं आयएस १५१४०. आर-१६ म्हणतं की पट्टीने किमान १४.७ किलोन्यूटन, म्हणजे साधारण दीड टनाचा ओढा सहन केला पाहिजे. आणि ही परीक्षा फक्त नव्या पट्टीची नसते. प्रखर प्रकाशात ठेवलेली, तापवलेली, गोठवलेली, पाण्यात भिजवलेली आणि मुद्दाम घासलेली पट्टीही परत ओढून बघतात. त्यानंतरही मूळ ताकदीच्या किमान ७५ टक्के उरली पाहिजे. म्हणजे तारीख लेबलवर लिहायच्या ऐवजी आधीच परीक्षेत घालून टाकली.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. आजकालच्या बहुतेक गाड्यांत पुढच्या सीटच्या बेल्टला लोड लिमिटर असतो. अपघातात छातीवरचा ओढा ठरावीक मर्यादेवर गेला, साधारण चार ते सहा किलोन्यूटनच्या आसपास, की रिट्रॅक्टर स्वतःहून थोडी पट्टी सोडतो. बरगड्या मोडू नयेत म्हणून. पुढचं काम एअरबॅग करते. गाडीचं बॉनेट चेपतं, तेही ऊर्जा खातं. म्हणजे दीड टनाला तुटेल अशा पट्टीवर तेवढा ओढा सहसा येऊच देत नाहीत. तिची थोडी ताकद वर्षांनुवर्षांत गेली तरी मधे बरीच जागा शिल्लक असते.

रेसिंगच्या हार्नेसला यातलं काहीच नाही. रिळ नाही, लोड लिमिटर नाही, समोर एअरबॅग नाही. आणि वेग? थोडं गणित करू. ७५ किलोचा माणूस ५० किलोमीटर वेगाने जाताना गाडी धडकली आणि तो साठ सेंटिमीटरमध्ये थांबला, तर सरासरी बाराशे किलोच्या आसपास बल लागतं. आता २९ नोव्हेंबर २०२० आठवा, बहरीनची फॉर्म्युला वन शर्यत. रोमां ग्रोजॉंची गाडी ताशी १९२ किलोमीटर वेगाने लोखंडी कठड्यात घुसली. दोन तुकडे झाले, आग लागली. मोजलेला कमाल धक्का होता ६७ जी. जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट. ७५ किलोच्या माणसासाठी ६७ जी म्हणजे पाच टन. एका क्षणासाठी ते पाच टन माणसाच्या अंगावरून पट्ट्यांत गेले. पट्टे टिकले, सेकंदभराच्या आत त्यांचं काम संपलं. मग तेच बकल एका हाताने सुटलं आणि माणूस २७ सेकंदांत आगीतून बाहेर आला. हाताला भाजलं, जीव वाचला.

तो हार्नेस त्या दिवशी बाद झाला, लेबलवर कोणतंही वर्ष असलं तरी. कारण पट्टी वाचवते ती ताणली जाऊन. ताणताना आतले धागे कायमचे लांबतात, काही तुटतात, त्यातच ऊर्जा खर्च होते. हे काम एकदाच होतं. म्हणून जोराच्या धक्क्यानंतर पट्टा बदलायचा. हा नियम आपल्या साध्या सीटबेल्टलाही आहे, हे मात्र लोक विसरतात.

इथवर केमिस्ट्री आणि गणित झालं. पण अजून मूळ प्रश्नाचं उत्तर पूर्ण झालेलं नाही. कारण कोणी म्हणेल, बाबा रे, माझा हार्नेस मी वर्षातून दोन रॅलींत वापरतो, बाकी कपाटात ठेवतो. मग ३१ डिसेंबरच्या रात्री बाराला तो अचानक कमजोर कसा होतो?

उत्तर आहे, होत नाही. आणि एफआयए पाच वर्षं म्हणते, एसएफआय दोन, यावरूनच कळतं की ही तारीख धाग्यात लिहिलेली नसते. पॉलिएस्टरला एफआयए आणि एसएफआय यातला फरक कळत नाही. तारीख हा माणसांनी घेतलेला निर्णय आहे. प्रश्न हा की असा निर्णय घ्यावा का लागतो?

आता स्वयंपाकघरात चला. गॅसचा सिलिंडर बघा. वर कड्याजवळच्या पट्टीवर आतल्या बाजूला लिहिलेलं असतं, बी-२७ किंवा डी-२६ असं काहीतरी. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि पुढे वर्ष. बरेच जण याला सिलिंडरची एक्स्पायरी समजतात. ती एक्स्पायरी नाही. ती पुढच्या चाचणीची मुदत आहे. त्या मुदतीत सिलिंडर पाण्याने भरून जोराच्या दाबाखाली तपासतात. पास झाला की नवी मुदत टाकून परत फिरायला मोकळा.

त्याच सिलिंडरपासून शेगडीपर्यंत केशरी नळी जाते, तिला सुरक्षा होज म्हणतात. तिची मुदत पाच वर्षं. तिची चाचणी वगैरे काही नाही. पाच वर्षं झाली की बदला, चांगली दिसली तरी.

एकाच ओट्यावर दोन वस्तू, दोन वेगळे नियम. का? कारण पोलादाचा सिलिंडर तपासून परत वापरता येतो. चाचणीने तो खराब होत नाही. नळीचं, पट्टीचं तसं नाही. पट्टीत किती ताकद उरलीय हे कळायचा खात्रीचा मार्ग एकच, ती तुटेपर्यंत ओढायची. ओढली की आकडा कळतो, पण पट्टी गेली. आगपेटीतली काडी पेटते का हे ती पेटवून बघण्यासारखं. म्हणूनच एसएफआयवाले बकल तपासून परत घेतात आणि पट्टी फेकतात.

म्हणजे जीव ज्यावर टांगलाय अशा वस्तूंचे तीन प्रकार झाले. काही बघून कळतात. टायर झिजला की दिसतो. काही तपासून कळतात, सिलिंडरसारख्या. आणि काही बघूनही कळत नाहीत, तपासायला गेलं की संपतात. त्यांच्यासाठी उरते ती तारीख.

आता कोणी म्हणेल, तारखेऐवजी तास मोजा. किती रॅली, किती तास ऊन. अगदी बरोबर, शास्त्र म्हणून ते जास्त अचूक होईल. पण ते तास लिहिणार कोण? ज्याचा पट्टा आहे तोच. आणि शर्यतीआधी गाड्या तपासणारा अधिकारी, त्याला स्क्रुटिनियर म्हणतात, तो त्या वहीवर विश्वास कसा ठेवणार? त्याच्यासमोर पन्नास गाड्या उभ्या आहेत. कोणाचा पट्टा कपाटात होता आणि कोणाचा उघड्या जीपमध्ये तीन वर्षं उन्हात पडला होता, त्याला माहीत नाही. लेबलवरचं वर्ष तो दहा सेकंदांत वाचतो. ज्याने काळजी घेतली त्याच्यावर थोडा अन्याय होतो, मान्य. पण बाकीचे एकोणपन्नास पट्टे ओळखायचा त्याच्याकडे दुसरा मार्ग नाही.

माझ्या मते सगळ्या गोष्टीचं सार इथे आहे. तारीख पट्ट्याच्या मालकासाठी नसते. ती अशा माणसासाठी असते, ज्याला पट्ट्याचा इतिहास माहीत नाही आणि तरीही त्यावर भरवसा ठेवायचाय.

आमच्या क्षेत्रात हेच चालतं. वेबसाइटच्या पत्त्याच्या मागे जे सर्टिफिकेट असतं, ज्यामुळे बँकेची साइट खरंच बँकेची आहे हे तुमच्या ब्राउझरला पटतं, त्यालाही एक्स्पायरी असते. ते काही उन्हात विटत नाही, नुसते आकडे आहेत. पण त्यामागची गुप्त किल्ली कोणी चोरली असेल तर बाहेरून कळत नाही. म्हणून मुदत. २०२० पासून ही मुदत जास्तीत जास्त ३९८ दिवस झाली आणि २०२९ च्या मार्चपर्यंत ती टप्प्याटप्प्याने ४७ दिवसांवर आणायचं ठरलंय. रात्री दोनला सर्टिफिकेट संपल्यामुळे साइट बंद पडली की आम्ही सगळे शिव्या घालतो. पण समोर अनोळखी माणूस असेल आणि नुकसान दिसण्यासारखं नसेल, तर याहून बरा उपाय अजून कोणाला सापडलेला नाही.

मालकाला इतिहास माहीत असला तरी तारखेचा त्याला एक फायदा असतोच. टॉड स्किनर हा अमेरिकेतला नावाजलेला गिर्यारोहक. २३ ऑक्टोबर २००६ ला योसेमिटीत त्याच्या हार्नेसचा पुढचा लूप तुटला आणि तो गेला. तो लूप झिजलाय हे दिसत होतं, आणि त्याने नवा हार्नेस मागवलेलाही होता. आयुष्यभर दोरांवर काढलेला माणूस. डोळ्याने बघून ठरवायचं म्हटलं की मन म्हणतं, अजून एक दिवस. अनुभवी माणसाचं मन तर जास्तच म्हणतं, कारण आजवर कधी तुटलेला नसतो. गिर्यारोहणाचं सामान बनवणारी पेट्झल कंपनी तिच्या कापडी सामानाला जास्तीत जास्त दहा वर्षं देते, तीही न वापरता कपाटात ठेवलं तरी. तारखेशी हुज्जत घालता येत नाही, हा तिचा गुण.

आता आमच्या किनाऱ्यावर येऊ. तारकर्ली, देवबाग, मालवणची दांडी, चिवला. सीझनला इथे पॅरासेलिंग चालतं. बोट पुढे धावते, मागे दोर, दोराच्या टोकाला छत्री, आणि छत्रीखाली हार्नेसमध्ये बसलेला माणूस. हा हार्नेस, तो दोर आणि रेसिंगचा पट्टा एकाच घराण्यातले. सगळे कृत्रिम धाग्यांचे.

आणि धाग्यासाठी याहून वाईट जागा शोधायची म्हटलं तर सापडणार नाही. मालवण आहे १६ अक्षांशावर. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस असतो, आणि नेमकी तीच पर्यटकांची गर्दीची वेळ. वरून ऊन, खालून पाण्यावरून आणि वाळूवरून परत येणारं ऊन. नायलॉन पाणी पितो आणि ओला असताना त्याची ताकद दहा-पंधरा टक्क्यांनी कमी होते. वाळला की ताकद परत येते, पण खाऱ्या पाण्यातलं मीठ विणीच्या आत खडे होऊन बसतं आणि पुढच्या ओढीला धागे कापतं. रेसिंगचा हार्नेस निदान छपराखाली असतो. हा सकाळी आठ ते संध्याकाळी सहा उघड्यावर. म्हणजे खांबाच्या अंधारात झोपणाऱ्या सीटबेल्टचं हे दुसरं टोक झालं.

नोव्हेंबर २०२१ मध्ये दीवच्या नागोवा किनाऱ्यावर पॅरासेलिंग करणाऱ्या एका जोडप्याचा दोर हवेत असताना तुटला. दोघं छत्रीसकट समुद्रात पडले. लाइफ जॅकेट होतं, वाचले. व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. मी इथे आमच्या कोणत्याही बोटवाल्यावर आरोप करत नाहीये. ही सगळी आपलीच मुलं, बरीचशी मच्छीमार घरांतली. पावसाळ्यात धंदा बंद, म्हणजे वर्षाची कमाई आठ-नऊ महिन्यांत. त्यात चांगला दिसणारा हार्नेस फेकून नवा घ्या म्हटलं तर जिवावर येणारच. विचारलं तर उत्तर येतं, "अजून घट्ट आसा, काय्येक जावक नाय हेका." आणि तो खोटं बोलत नसतो. त्याला खरंच तसं दिसत असतं.

यात एक गंमत आहे. दोरांबद्दल आमच्या मच्छीमारांइतकं कोणाला कळतं? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा जाळी उलगडून, हाताखालून काढून, एकेक आस बघून दुरुस्त करतात. कुठला दोर कुठल्या साली आणला, कुठे खडकाला घासला, सगळं डोक्यात. त्याला लेबल लागत नाही, कारण इतिहास त्याच्या डोक्यात आहे आणि दोर तुटला तर नुकसान त्याचंच आहे. पॅरासेलिंगला दोन्ही गोष्टी बदलल्या. हार्नेसमध्ये बसणारी बाई कोल्हापूरहून काल रात्री आलीय. तिला त्या पट्ट्याचा इतिहास शून्य माहीत आहे, आणि टांगलेली तीच आहे. ती म्हणजे आपला स्क्रुटिनियर. फरक एवढाच, की वाचायला लेबल हवं हे तिला कोणी सांगितलेलं नाही.

म्हणून तुम्ही आमच्याकडे याल तेव्हा, आणि याच, दोन प्रश्न विचारा. हार्नेस कधीचा आहे? त्यावरचं लेबल बघू का? अरेरावी करू नका, नीट विचारा. लेबल वाचता येतंय का बघा. ते उन्हाने पूर्ण पांढरं झालं असेल तर पट्टीनेही तेवढंच ऊन खाल्लंय. टाक्यांचे दोरे बघा, तुसं निघालीत का, पट्टी काथ्यासारखी कडक झालीय का. हे सगळं ठीक असलं म्हणून पट्टी मजबूत आहे असं सिद्ध होत नाही. पण यातलं काही बिघडलेलं दिसलं, तर वर जाऊ नका.

आणि बोटवाल्या मित्रांनो, तुमच्यासाठीही. हार्नेस आणला त्या दिवशी न पुसणाऱ्या शाईने लेबलवर महिना आणि वर्ष लिहा. पट्टीवर लिहू नका, शाईतल्या रसायनाचा भरवसा नाही. एका वहीत खरेदी आणि बदलीची तारीख ठेवा. संध्याकाळी गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. किती दिवसांनी बदलायचा ते बनवणाऱ्या कंपनीच्या पत्रकात असतं, आणि आपल्या उन्हात त्याच्या आधीच बदललेला बरा. मग ती तारीख बोर्डावर मोठ्याने लिहा. "हार्नेस नवीन, ऑक्टोबरमध्ये बदलला." गिऱ्हाइकाला दराआधी हे वाचायला मिळालं तर तुमचंच भलं आहे.

आता परत आपल्या साध्या सीटबेल्टकडे, कारण ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांचा संबंध त्याच्याशीच आहे. त्याला तारीख नाही, याचा अर्थ तो अमर आहे असा नाही. मालकाला इतिहास माहीत आहे असं तिथे गृहीत धरलंय. मग इतिहास माहीत नसेल तेव्हा? सेकंडहँड गाडी घेताना. त्या गाडीचा आधी जोराचा अपघात झालाय का? झाला असेल तर बेल्ट बदलला का? बेल्ट झटक्यात आवळणारा प्रीटेन्शनर छोट्या स्फोटावर चालतो, तो एकदाच उडतो. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला तेव्हा किती गाड्या छपरापर्यंत चिखलात होत्या ते सगळ्यांनी पाहिलं. बुडालेल्या गाडीचा बेल्ट धुऊन स्वच्छ दिसतो, पण रिळ आणि प्रीटेन्शनर खांबाच्या आत आहेत, तिथे गंज दिसत नाही. बेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा. कडेला तुसं, लाटा, चकाकलेला ताणलेला भाग, किंवा सोडल्यावर रेंगाळत परत जाणं, यातलं काही असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून नवा घाला. मोडीत निघालेल्या गाडीचा काढलेला बेल्ट स्वस्तात मिळतो, तो घेऊ नका. ती गाडी मोडीत का निघाली, याचा विचार करा.

आणि हो, गाडी स्पोर्टी दिसावी म्हणून लेबल नसलेला रंगीत चार पॉइंटचा हार्नेस साध्या कारमध्ये लावू नका. रेसिंगचा हार्नेस रेसिंगच्या सीटला आणि आतल्या लोखंडी पिंजऱ्याला धरून बनवलेला असतो. तुमची गाडी तीन पॉइंटच्या बेल्टला धरून बनवलीय.

शेवटी, साध्या बेल्टचा खरा शत्रू वय नाही. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींच्या गाडीला अपघात झाला. चार जण होते. पुढचे दोघे बेल्ट लावलेले, ते वाचले. मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, ते गेले. मागचे बेल्ट गाडीत होतेच. त्यानंतर वर्षभराच्या आत, मे २०२३ मध्ये, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला ऑनलाइन दुकानांना आदेश काढावा लागला, की सीटबेल्टचा अलार्म बंद करणाऱ्या नुसत्या क्लिपा विकायचं थांबवा. लोक बेल्ट न लावता बकलमध्ये क्लिप अडकवून गाडीला फसवत होते. अशा गाडीतला बेल्ट पंधरा वर्षं अगदी नवा राहील.

एक काम सांगतो आणि थांबतो. आमच्याकडे जुनं काही फेकत नाहीत. बोटीचा जुना दोर होडी बांधायला, मग माडाला, मग कपडे वाळवायला. फाटलेलं जाळं परसातल्या भाजीला कुंपण. चांगली सवय आहे, मला आवडते. पण हार्नेसला ती लावू नका. बाद झालेला हार्नेस "राहू दे, अडीअडचणीला उपयोगी पडेल" म्हणून खुंटीला टांगला, की एखाद्या गर्दीच्या रविवारी, नवा कमी पडला म्हणून, कोणीतरी तो खाली काढतं. म्हणून मुदत संपली की मोठी कात्री घ्या आणि प्रत्येक पट्टी मधून कापा. लोखंडी कड्या हव्या तर ठेवा, पडद्याला होतील.

तुमच्या भागात पॅरासेलिंग, झिपलाइन, रॅपलिंग असं काही चालत असेल आणि तिथे लेबलवर कोणती तारीख दिसली, किंवा दिसली नाही, ते मला नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू. येवा.